जागल आणि जागल्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोन शब्दांबद्दलचे प्रश्न दोन बाजूंनी येतात. विदर्भातले वाचक विचारतात की आमच्या वावरातला शब्द भ्रष्टाचाराच्या बातमीत कसा शिरला. पुण्या-मुंबईकडचे विचारतात की बातमीतला हा ‘जागल्या’ मुळात कोण. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जागल म्हणजे नेमकं काय?

रात्री जागून केलेली राखण. उभं पीक, खळ्यावरची रास, गोठ्यातली गुरं, गावाची वेस, यांपैकी कशावर तरी नजर ठेवायची म्हणून ठरलेल्या जागी रात्र काढणं म्हणजे जागल. झोप येत नाही म्हणून जागणारा जागल करत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक घेऊन बसलेलं पोरही जागल करत नाही, ते जागरण. जागलीत काहीतरी राखायचं असतं, आणि ते गेलं तर त्याचा जाब जागणाऱ्याला द्यावा लागतो. शब्द ‘जागणे’वरून आला आहे आणि त्याचं मूळ संस्कृत ‘जागृ’ धातूत आहे. जागर, जागृती, जागरूक ही सगळी त्याच घरची भावंडं.

२. ‘तो जागल’ की ‘ती जागल’? आणि आमच्याकडे ‘जागली’ म्हणतात, ते चूक आहे का?

ती जागल. ‘आज जागल कोणाची?’ असं विचारतात. जागल करतात, जागलीला जातात, जागलीवर असतात. विदर्भात बऱ्याच ठिकाणी मूळ शब्दच ‘जागली’ असा चालतो: ‘बाबा जागलीले गेले’. यात चूक काही नाही. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या बातम्यांतही ‘जागलीसाठी शेतात गेलेला शेतकरी’ हीच शब्दयोजना दिसते. छापील मराठीत ‘जागल’ जास्त आढळतं एवढंच. लेख विदर्भातल्या शेतीवर असेल तर मी जागली हेच रूप ठेवीन. तिथल्या वाचकाला ते परकं करून देण्यात अर्थ नाही.

३. राखण, पहारा, गस्त आणि जागल यांत फरक काय?

राखण हा सगळ्यांत मोठा शब्द, ‘रक्षण’वरून आलेला. ती दिवसा होते, रात्री होते, पाखरांपासून होते, पोरांपासूनही होते. बोरीच्या झाडाखाली बसलेली आजी राखणच करत असते.

पहारा ‘प्रहर’वरून आला. प्रहर म्हणजे तीन तास. त्यामुळे पहाऱ्यात पाळी आहे: एक उठतो, दुसरा बसतो, पहारा बदलतो. किल्ला, खजिना, तुरुंग, बंगला यांना पहारा असतो. गस्त फारसीतून आली आणि तिचा मूळ अर्थ फिरणं असा आहे. म्हणून गस्त घालतात, बसून गस्त होत नाही.

जागल बसून होते, रात्रीच होते, आणि तिला सहसा पाळी नसते. पहारेकऱ्याची सुटका तीन तासांनी होते, जागलीवरचा माणूस उजाडेपर्यंत तोच. सकाळी त्याला पुन्हा कामाला जुंपायचं असतं ते वेगळंच.

४. आजच्या काळात कोणी जागल करतं का?

करतं, आणि भरपूर. जंगलालगतच्या शेतात रानडुक्कर एका रात्रीत भुईमूग किंवा मका उलथून टाकतं. हरभऱ्यावर आणि सोयाबीनवर हरणांचा आणि नीलगायींचा कळप येतो. नीलगायीला विदर्भात रोही म्हणतात. पूर्व विदर्भात धान निसवल्यापासून बांधणी होईपर्यंत, आणि इतरत्र रब्बीच्या दिवसांत, माणसं माळ्यावर किंवा मचाणावर रात्र काढतात. शेकोटी, बॅटरी, रिकामा डबा, फटाके आणि मोठ्याने हाळी ही हत्यारं. गोफण फिरवता येणारे हात कमी झाले आहेत.

आता याच्या जोडीला सौरऊर्जेवर चालणारं ‘झटका मशीन’ आलं आहे. कुंपणाच्या तारेतून क्षणभराचा झटका बसतो, जनावर पळतं, मरत नाही. काही जण मात्र थेट विजेच्या लाइनवरून तारेत प्रवाह सोडतात. तो गुन्हा आहे. त्यात वाघ मरतात, शेजारचा शेतकरीही मरतो, आणि कित्येकदा तो स्वतःच जागलीला निघालेला असतो.

ताडोबाच्या आसपासच्या गावांत जागलीचं संकट दुहेरी आहे. पीक राखायला गेलं तर वाघाची भीती, घरी थांबलं तर डुकराची. जागलीसाठी गेलेल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या त्या भागातून दरवर्षी येतात. शहरात बसून ‘जागल’ या शब्दाचा गोडवा गाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

५. दिवसा ज्वारीवरची पाखरं हाकणं किंवा रात्री पिकाला पाणी देणं, याला जागल म्हणता येईल का?

दिवसाच्या कामाला नाही. हुरड्याच्या दिवसांत पाखरांची राखण होते, पाखरं हाकतात.

रात्रीच्या पाण्याचा प्रश्न जरा अडचणीचा आहे. शेतीपंपाला वीज रात्रपाळीत मिळते म्हणून शेतकरी थंडीत दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, जातो. तो रात्र जागतो हे खरं, पण काही राखत नाही, काम करतो. म्हणून ‘रात्रीचं पाणी’, ‘दारं धरणं’ हेच शब्द बरोबर. बोलताना कोणी ‘रोजची जागल झालीय’ म्हणालं तर ती तक्रार आहे, व्याख्या नव्हे.

६. जागल्या म्हणजे कोण?

जुन्या गावगाड्यातला रात्रीचा राखणदार. पाटील, कुलकर्णी यांच्या हाताखाली गावाची जी चाकरी चाले तीत हे काम येई. वेशीवर जागणं, परक्या माणसाची खबर पाटलाला देणं, चोराचा माग काढणं, गावावरून जाणाऱ्या सरकारी खजिन्याला पुढच्या गावापर्यंत सोबत करणं, हे सगळं त्याच्याकडे.

प्रदेशाप्रमाणे हे काम करणाऱ्या जमाती वेगळ्या. देशावर महार आणि रामोशी, खानदेशात भिल्ल, काही भागांत कोळी आणि मांग. डोंगरी किल्ल्यांची राखणही यांतल्याच काहींकडे असे. १८३२ मध्ये पुण्यात फाशी गेलेले उमाजी नाईक ज्या रामोशी घराण्यातले, त्याच्याकडे पुरंदर किल्ल्याची राखण होती. ब्रिटिशांच्या कागदपत्रांत ‘जागल्या’ हा शब्द इंग्रजी लिपीत तसाच लिहिलेला सापडतो, कारण त्या पदाला त्यांच्याकडे नेमका जुळणारा शब्द नव्हता.

७. जागल्याला या कामाचं काय मिळायचं? आणि चोरी झालीच तर?

मिळकत बहुतेक धान्याची. सुगीत खळ्यावर रास पडली की प्रत्येक कुणब्याच्या राशीतून त्याचा वाटा निघे. काही ठिकाणी वतनाची थोडी जमीन असे. हा वाटा एकट्या पाटलाच्या घरून येत नसे, सगळ्या गावाकडून येई. ही गोष्ट पुढे ११व्या प्रश्नात लागणार आहे.

चोरी झाली तर जागल्याने माग काढायचा. पावलांचे ठसे धरत शिवेपर्यंत जायचं. माग शेजारच्या गावात शिरला की तो त्या गावच्या राखणदारांच्या हवाली करायचा, मग पुढची जबाबदारी त्यांची. माग आपल्याच शिवारात विरला आणि चोर सापडला नाही, तर चोरीच्या मालाची भरपाई राखणदारांवर येई. ती दर वेळी पूर्ण वसूल होई असं नाही, पण वहिवाट तीच होती. आपल्याकडे आज जबाबदारी हा शब्द भाषणात असतो. इथे ती माणसाच्या धान्यातून कापली जायची.

८. हा शब्द जातीशी जोडलेला आहे ना? मग तो वापरावा का?

कामाचं नाव जातीचं नाही, पण काम जातीने ठरायचं. हे लपवून शब्दाचं कौतुक करता येत नाही.

महार वतनाची चाकरी नोकरीसारखी नव्हती. तिला वेळ नव्हती, घरातला एक आजारी असला तर दुसऱ्याने जायचं, आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. १८७४च्या मुंबई इलाख्यातल्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या व्यवस्थेला सरकारी चौकट दिली. त्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं. त्यांचा आक्षेप सरळ होता: थोड्याशा जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्खा समाज चाकरीला बांधला जातो, आणि त्या बांधिलकीतून बाहेर पडण्याची वाटच बंद होते. ही वतनं संपली ती १९५८च्या कायद्याने. त्याच्या इंग्रजी नावातही या वतनांना ‘इन्फीरियर’, म्हणजे कनिष्ठ, म्हटलेलं आहे.

तेव्हा माझं मत असं. आजच्या अर्थाने, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी, ‘जागल्या’ जरूर वापरावा. पण एखाद्या समाजाबद्दल लिहिताना ‘हे मूळचे जागले’ असं कौतुकाने लिहू नये. राखण हा त्यांचा स्वभाव नव्हता, तो त्यांच्यावर लादलेला व्यवसाय होता. इतिहास लिहिताना कोणत्या भागात, कोणत्या काळात, कोणाकडे हे काम होतं ते नीट सांगावं.

९. वतनं गेल्यावर गावाची राखण कोणाकडे गेली?

कागदोपत्री कोतवाल आणि पोलीस पाटील यांच्याकडे. कोतवाल महसुलाच्या बाजूचा: दवंडी, नोटिसा, तलाठ्याला मदत. पोलीस पाटील १९६७च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमला जातो. गावात गुन्हा घडला, अनोळखी प्रेत सापडलं, तंटा होण्याची चिन्हं दिसली, की पोलीस ठाण्याला कळवणं त्याचं काम. दोघांपैकी कोणीही रात्रभर वेशीवर बसत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. म्हणजे जागल्याची खबर देण्याची बाजू पदाच्या रूपाने उरली, जागण्याची बाजू गेली.

जाता जाता, कोतवाल नावाचा काळा पक्षी असतो ना, दुभंगलेल्या शेपटीचा? तो घारीला आणि कावळ्याला आपल्या घरट्याजवळून पिटाळून लावतो, आणि त्याच्या आसऱ्याला इतर छोटे पक्षीही शेजारी घरटी बांधतात. त्याला कोतवाल म्हणणाऱ्याने तो नीट पाहिला असणार.

१०. व्हिसलब्लोअरला ‘जागल्या’ का म्हणतात? शिटी तर कुठेच नाही.

शिटी नाही हेच बरं झालं. ‘शिट्टीवाला’ म्हटलं असतं तर कुकर आठवला असता.

संस्थेत चाललेला गैरव्यवहार आतल्या माणसाने पाहिला आणि बाहेर सांगितला, तर त्याला इंग्रजीत व्हिसलब्लोअर म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांनी यासाठी जागल्या उचलला. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनचं प्रकरण गाजलं तेव्हा मराठी मजकुरातही तो जागल्या झाला. निवड चांगली आहे. जागल्या गावातलाच असतो, सगळे झोपलेले असताना तो पाहतो, आणि पाहिलेलं सांगणं हेच त्याचं काम असतं. एक फरक मात्र राहतो. जुना जागल्या गावाने नेमलेला असे, नव्याला कोणी नेमलेलं नसतं. उलट, ज्यांनी त्याला दुसऱ्याच कामासाठी नेमलं त्यांच्याविरुद्धच तो बोलत असतो.

११. मग असा माणूस खाल्ल्या मिठाला जागत नाही, असं नाही का होत?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि विचारणारे बहुतेक जण नोकरीत आहेत.

आधी व्याकरण. ‘जागणे’ला चतुर्थी जोडली की अर्थ बदलतो. शब्दाला जागणे, इमानाला जागणे, उपकाराला जागणे, खाल्ल्या मिठाला जागणे. इथे जागणं म्हणजे झोप न घेणं नव्हे, तर बांधिलकी न विसरणं. तेव्हा एकाच धातूतून दोन गोष्टी आल्या: डोळे उघडे ठेवणं आणि इमान राखणं. जागल्यात त्या एकमेकींवर आदळतात. संस्थेतले लोक त्याला ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा’ म्हणतात, घरभेदी म्हणतात.

आता प्रश्न हा की मीठ कोणाचं. जुन्या जागल्याचं धान्य सगळ्या गावाच्या खळ्यांवरून येई (प्रश्न ७). त्यामुळे चोरी पाटलाच्या भावाने केली असली तरी माग त्याच्या दारापर्यंत नेणं म्हणजेच मिठाला जागणं होतं. तसं करण्याची हिंमत दर वेळी कोणात असेल असं नाही, पण कर्तव्य तेच होतं.

सत्येंद्र दुबे यांचं उदाहरण घ्या. ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात अभियंता होते. सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ला गया इथे त्यांचा खून झाला. त्यांचा पगार ठेकेदाराच्या किंवा वरिष्ठाच्या खिशातून येत नव्हता, रस्त्यासाठी कर भरणाऱ्यांच्या पैशातून येत होता. मिठाला ते जागले.

खाजगी कंपनीत उत्तर इतकं सरळ नसतं. पगार मालक देतो हे खरं. पण कंपनीत भागधारकांचा पैसा असतो, ठेवीदारांचा असतो, आणि औषध किंवा अन्न बनवणारी कंपनी असेल तर ग्राहकाचा जीवही असतो. स्पर्धकाला धंद्यातली गुपितं पुरवणारा माणूस जागल्या नव्हे. सदोष माल माहीत असून विकला जातो असं योग्य ठिकाणी सांगणारा जागल्या. मधली प्रकरणं असतात, त्यांचा निवाडा शब्दकोशातून होणार नाही.

१२. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा आहे का?

दुबे यांच्या खुनानंतर आरडाओरडा झाला आणि २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. स्वतंत्र कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ९ मे २०१४ला. मराठी बातम्यांत त्याला जागल्या संरक्षण कायदा म्हणतात. त्यात तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. निनावी तक्रार चालत नाही. आणि इतकं सगळं असून तो अंमलात आणण्याची अधिसूचना इतकी वर्षं उलटूनही निघालेली नाही. कायदा स्वतःच झोपला आहे.

खाजगी क्षेत्रासाठी २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना आपली शंका न घाबरता मांडता येईल अशी यंत्रणा ठेवायची असते. तिला इंग्रजीत ‘व्हिजिल मेकॅनिझम’ म्हणतात. व्हिजिल म्हणजे नेमकी जागलच. पण मराठीत ‘जागल यंत्रणा’ म्हणायचं कोणाला सुचत नाही, ‘दक्षता यंत्रणा’च म्हणतात.

प्रत्यक्ष तक्रार करण्याआधी वकिलाला विचारा. हे पान शब्दांचं आहे.

१३. खबऱ्या, चहाडखोर, तक्रारदार, माहिती अधिकार कार्यकर्ता आणि जागल्या, सगळे एकच ना?

नाही. खबऱ्या पोलिसांना माहिती विकतो. त्याला पैसे मिळतात, आणि पुष्कळदा तो स्वतः त्याच वर्तुळातला असतो. चहाडखोराचा हेतू साहेबाची मर्जी. तक्रारदार स्वतःवरच्या अन्यायाबद्दल बोलतो.

माहिती अधिकार कार्यकर्ता बाहेरचा असतो, तो अर्ज करून कागद मागतो. जागल्या आतला, कागद त्याच्या टेबलावरूनच जात असतो. तळेगाव दाभाडे इथले सतीश शेट्टी यांनी जमीनव्यवहारांमधले गैरप्रकार माहिती अधिकारातून उघड केले आणि १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. काटेकोर अर्थाने ते माहिती अधिकार कार्यकर्ते. मराठीत त्यांना जागल्या म्हटलं तर मी हटकणार नाही, कारण गावाच्या दृष्टीने पाहिलं तर ते गावातलेच होते. कायद्याच्या लिखाणात मात्र फरक पाळावा.

१४. जागल्याचं अनेकवचन काय? आणि बाईला काय म्हणायचं?

एक जागल्या, अनेक जागले. पाणक्या–पाणके तसंच. प्रत्यय लागताना जागल्याला, जागल्यांना.

बाईसाठी रूढ शब्द नाही. ‘जागली’ करावं तर विदर्भात तो कामाचाच शब्द (प्रश्न २), शिवाय ‘ती रात्रभर जागली’ या क्रियापदाशी घोळ होतो. ‘जागलीण’ व्याकरणात बसतं, कानाला बसत नाही. मी शब्द तसाच ठेवून क्रियापद स्त्रीलिंगी करतो: ‘या प्रकरणातली जागल्या पुढे आली’. पहिल्यांदा विचित्र वाटतं, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत सवय होते.

१५. सावध, दक्ष, सतर्क, जागरूक, खबरदार: यांच्याऐवजी जागल वापरता येईल का?

नाही, कारण हे गुण आहेत आणि जागल हे काम आहे. ‘सतर्क राहा’ असं सगळ्यांना एकदम सांगता येतं, धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या गावांना तसं सांगतातही. ‘जागल राहा’ असं वाक्यच होत नाही. कोणीतरी उठून जागलीला जावं लागतं, आणि आज कोण जाणार ते ठरवावं लागतं.

बाकी शब्दांबद्दल थोडक्यात. सावधान म्हणजे स-अवधान, लक्ष असलेला. लग्नाच्या मंगलाष्टकांत तोच आणि शाळेच्या कवायतीतही तोच. दक्षचा संस्कृतातला जुना अर्थ कुशल, निपुण असा आहे, जागं असणं नंतर चिकटलं. सतर्कमध्ये तर्क आहे. जागरूक तेवढा जागलीचा सख्खा.

खबरदारची गंमत वेगळी. खबर असलेला तो खबरदार. पण मराठीत ‘खबरदारी घ्या’ ही काळजीची सूचना आणि ‘खबरदार!’ ही सरळ धमकी. मोकळा राहिलेला शब्द अंगावर येतो, त्याला ‘ई’ लावली की तोच नरमतो.

सरकारी मराठीत ‘दक्षता जनजागृती सप्ताह’ दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी साजरा होतो. एका नावात दोनदा जागं केलं आहे. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचं काय, हा प्रश्नही वाचकांनी पाठवला होता, तो इथेच सोडतो.

१६. चोरांच्या भीतीने गावातली पोरं काठ्या घेऊन रात्रभर फिरतात. ही जागलच ना?

फिरतात म्हणून गस्त (प्रश्न ३). पण विचारणाऱ्याला शब्दापेक्षा जास्त काही विचारायचं आहे असं वाटतं, म्हणून थोडं पुढे जातो.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. टाळेबंदीत त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे आल्याच्या अफवा उठल्या होत्या आणि गावकरी रात्री पहारा देत होते. जागं राहण्यात कसूर नव्हती. जागल्याच्या कामाचा जो दुसरा अर्धा भाग, ओळख पटवणं आणि खबर योग्य हाती देणं, तो गळून पडला होता. जुन्या जागल्याला परका माणूस दिसला तर तो पाटलाकडे न्यावा लागे. शिक्षा त्याच्या हातात नव्हती.

गावात रात्रीची फेरी काढायचीच असेल तर पोलीस पाटलाला आणि ठाण्याला सांगून, नावं लिहून, ग्रामसुरक्षा दलाच्या रूपाने काढावी. पुष्कळ गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे: एका माणसाने ठरावीक नंबरावर फोन केला की त्याचा आवाज नोंदवलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम जातो. अफवाही त्याच वेगाने जाऊ शकते, म्हणून फोन कोणी करायचा ते आधी ठरवा.

१७. जागरण, जागर, कोजागरी, पाचवी: यांचा जागलीशी संबंध आहे का?

धातू एक, प्रसंग वेगळे. खंडोबाचं जागरण आणि देवीचा गोंधळ ही देवासाठी जागवलेली रात्र. कोजागरीत ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते अशी समजूत. आता ती विचारते तेव्हा बहुतेक जण गच्चीवर मसाला दूध पीत असतात.

जागलीच्या सर्वांत जवळची म्हणजे पाचवी. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते असं मानतात, आणि घरातल्या बायका जागतात. तान्ह्याला आणि बाळंतिणीला सगळ्यांत धोका असण्याचे ते दिवस. पूजा आहे, पण खाली राखणच आहे. ‘पाचवीला पुजलेलं’ हा वाक्प्रचार तिथलाच.

१८. कोकणातला राखणदार आणि ‘जागृत देवस्थान’ यांत हाच अर्थ आहे का?

राखणदार हा गावाच्या शिवेवरचा किंवा वाडीचा रक्षक देव. कोकणात आणि गोव्यात त्याला रोट, कोंबडा, विडी, दारू असं जे ठरलेलं असेल ते देतात. काही भागांत त्या वार्षिक देण्यालाच ‘राखण’ म्हणतात. खळ्यावर जागल्याला वाटा आणि शिवेवर राखणदाराला रोट, हिशोब दोन्हीकडे तोच. ‘जागृत देवस्थान’मध्ये मात्र देव नवसाला पावतो असा अर्थ आहे, राखण नाही.

१९. ‘वॉचडॉग’चं भाषांतर जागल्या करावं का? ‘माध्यमं म्हणजे लोकशाहीचे जागले’ वगैरे?

करू नये. रिझर्व्ह बँक, सेबी अशा संस्थांना सरळ नियामक म्हणावं. त्यांना पद आहे, अधिकार आहेत, दंड करता येतो. जागल्याला यातलं काही नसतं. वर्तमानपत्राला पहारेकरी म्हणायची पद्धत आहेच, ती राहू द्यावी. एखाद्या बातमीदाराला आतली माहिती देणारा कारकून मात्र जागल्या, आणि त्याचं नाव बातमीत येणार नाही याची काळजी बातमीदाराने घ्यायची.